शंका-समाधान : शंभर घेऊ की तीनशे?

घरच्या इंटरनेटविषयी प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. आलेली बहुतेक पत्रं एकाच ठिकाणी येऊन थांबतात: किती एमबीपीएसचा प्लॅन घेऊ? पत्र पुन्हा वाचलं की दुखणं भलतीकडेच असल्याचं कळतं. म्हणून उत्तरं देताना मी विचारलेल्या आकड्यापेक्षा पत्रातल्या बाकीच्या ओळींकडे जास्त पाहिलं आहे. पत्रं थोडी छाटली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न (डोंबिवली) : घरात आम्ही पाच जण. मिस्टर आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतात, मुलीचे क्लास ऑनलाइन असतात, मुलगा गेम खेळतो आणि सासूबाईंच्या मालिकाही आता नेटवरच चालतात. सध्या ४० एमबीपीएसचा प्लॅन आहे. कंपनीचा माणूस म्हणाला, "पाच माणसं म्हणजे तीनशे लागणारच." चाळीसवर भागेल का?

उत्तर : भागतंय. तुमच्या अख्ख्या पत्रात नेट अडकल्याची तक्रार एकदाही नाही. तीनशेची गरज तुमच्या घराला नाही, त्या माणसाच्या टार्गेटला आहे.

हिशेब करू. व्हिडिओ मीटिंगला चित्र अगदी स्वच्छ हवं असेल तर ३ ते ४ एमबीपीएस लागतात. क्लासमध्ये मुलगी बहुतेक वेळ ऐकतेच, तिला त्याहून कमी पुरतात. फुल एचडी मालिकेला नेटफ्लिक्स आणि यूट्यूब दोघंही ५ सांगतात. टीव्ही फोर-के असेल आणि मालिकाही त्या दर्जाची असेल, तर नेटफ्लिक्सला १५, यूट्यूबला २०. गेमचं उलटं आहे. लोकांना वाटतं गेमला खूप नेट लागतं, पण खेळ चालू असताना १ एमबीपीएससुद्धा पुरतो, कारण चित्र मुलाचा कॉम्प्युटर जागेवरच तयार करतो. नेटवरून जातं ते एवढंच, की कोण कुठे उभा आहे आणि गोळी कोणी झाडली. मोबाइलवरची रील्स धरूनसुद्धा सगळे एकदम बसले तर बेरीज वीसच्या आत राहते, फोर-के लावलं तर तिसाच्या थोडी पुढे.

२०१९ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल' या अमेरिकी दैनिकाने प्रिन्स्टन आणि शिकागो विद्यापीठांतल्या संशोधकांना हाताशी धरून आपल्याच पत्रकारांच्या घरचं नेट मोजून पाहिलं होतं. एकदम सात-सात व्हिडिओ लावूनही जोडणीचा छोटासा भागच वापरला गेला, आणि महागड्या प्लॅनवाल्यांना चित्र काही फारसं चांगलं दिसलं नाही.

मग चाळीसवर अडतं कुठे? मुलाच्या गेमच्या अपडेटला. हल्लीचा मोठा गेम शंभर जीबीचा असतो. तो ४० एमबीपीएसवर उतरायला साडेपाच तास घेतो, १०० वर सव्वादोन तास, ३०० वर पाऊण तास. शिवाय तो उतरत असताना लाइनीतला मिळेल तेवढा सगळा वाटा खातो आणि त्याच वेळी मिस्टरांच्या मीटिंगमध्ये आवाज तुटतो. मुलाला सांगा, अपडेट रात्री झोपताना लाव. हे जमत नसेल, रोज त्यावरून वाद होत असतील, तर १०० घ्या. पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. घेताना जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी धरायला विसरू नका.

प्रश्न (सातारा) : मी निवृत्त शिक्षक आहे. प्लॅन १०० चा, पण फाइल उतरवताना कॉम्प्युटर ११ च दाखवतो. ही ग्राहकाची उघड फसवणूक नव्हे काय? ग्राहक मंचाकडे जाण्याच्या तयारीत आहे.

उत्तर : सर, जाऊ नका. प्लॅन मोजतात बिटांत आणि कॉम्प्युटर फाइल मोजतो बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. शंभराला आठाने भागा, साडेबारा येतात. त्यातला थोडा भाग पत्ता-पाकीट असल्या व्यवस्थेत जातो. उरतात ते तुमचे अकरा-साडेअकरा. माल पुरेपूर मिळतोय.

प्रश्न (देवरूख) : चिऱ्याचं जुनं घर आहे, मागेपुढे पडवी. २०० चा फायबर प्लॅन घेतला. राउटर ओटीवर आहे, तिथे स्पीड उत्तम. माजघरात ३० येतो आणि मागच्या पडवीत, जिथे सून कामाला बसते, तिथे ८. केबलवाला म्हणतो ५०० चा घ्या, मग मागेही येईल. पावसात वीज जाते तेव्हा तर नेटही जातं. काय करावं?

उत्तर : ५०० घेतलात तर ओटीवर ५०० येईल आणि पडवीत ८ च राहील. फायबरने आपलं काम दारापर्यंत चोख केलं आहे. पुढचा प्रवास वायफायचा आहे आणि त्याच्या वाटेत तुमच्या आजोबांनी जांभ्याच्या दीड-दीड फुटी भिंती घालून ठेवल्या आहेत.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. ५ गिगाहर्ट्झवर स्पीड जास्त मिळतो, पण त्या लहरी भिंतीत लवकर दम टाकतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून त्यामानाने बऱ्या जातात, स्पीड मात्र कमी. शहरातल्या फ्लॅटवाल्यांना मी ५ चीच पट्टी वापरायला सांगतो, कारण २.४ मध्ये एकमेकांना न अडवणारे जेमतेम तीन चॅनल आहेत (१, ६ आणि ११) आणि इमारतीतले सगळे शेजारी त्यातच कोंबलेले असतात. तुमच्याकडे शेजाऱ्याचं वायफाय पोचत नसेल, त्यामुळे मागच्या बाजूला २.४ बिनदिक्कत वापरा. पण एवढ्याने काम पूर्ण होणार नाही.

बहुतेक घरांत राउटरची जागा घरमालक ठरवत नाही. तार जिथून आत घेणं सोपं, तिथे केबलवाला भोक पाडतो आणि तिथेच डबा टांगून जातो. मग तो टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाशेजारी किंवा आरशाच्या पाठीशी सापडतो. लोखंड आणि आरसा दोन्ही लहरी परतवतात. आधी तो डबा तिथून काढा आणि माजघराच्या दारात डोक्याएवढ्या उंचीवर लावा. फायबरची तार लांबवून द्यायला केबलवाला थोडे पैसे घेईल, ते द्या.

मग पडवीसाठी कॅट-सिक्स नेटवर्क केबल आणा, राउटरपासून मागे न्या आणि तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. केबल माळ्यावरून न्या, अंगणातून नको. काचेच्या फायबरमधून वीज वाहत नाही, पण तांब्याची तार उघड्यावरून गेली की विजांच्या दिवसांत पोर्ट जळतात. दुकानदार तुम्हाला प्लगमध्ये खोचायचा स्वस्त रिपीटर दाखवेल. तो घेऊ नका. एकाच पट्टीवर ऐकायचं आणि त्याच पट्टीवर पुढे बोलायचं असल्यामुळे तो निम्मा स्पीड वाटेतच खातो. मेश (एकमेकांशी बोलणारे दोन-तीन डबे) चांगलं, पण तुमच्या भिंतींत त्याच्या डब्यांनाही तारेनेच जोडावं लागेल.

तार टाकल्यावर स्पीड मोजा. आकडा ९४-९५ वर येऊन अडला आणि काही केल्या पुढे जाईना, तर समजा की वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा पोर्ट आहे, नाहीतर केबलच्या टोकाला आठपैकी चारच तारा नीट दाबल्या गेल्या आहेत. गिगाबिटला आठही लागतात. हा दोष इतक्या घरांत सापडतो, की मी आकडा ऐकूनच निदान करतो. सुनेच्या कामाला पंचाण्णवसुद्धा भरपूर आहेत, तेव्हा त्यावरून भांडू नका.

आता विजेचं. आपल्याकडे घरोघरी जाणाऱ्या फायबरच्या वाटेत सहसा वीज लागणारं काहीच नसतं. केबलवाल्याच्या खोलीत यंत्र असतं आणि तुमच्या घरात डबा, मधले वाटे करणारे स्प्लिटर बिनविजेचे असतात. म्हणजे वीज गेल्यावर नेट जातं ते बहुतेक तुमचा डबा बंद पडल्यामुळे. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते पाहून घ्या, बहुतेक १२ असतात. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन तोंडांचा घ्या. फांदी पडून तारच तुटली तर मात्र डब्यावर लाल दिवा लागेल, त्याला घरात इलाज नाही.

प्रश्न (सोलापूर) : स्पीड टेस्ट करतो तेव्हा पूर्ण १०० येतात. रात्री नऊ वाजता यूट्यूब गोल फिरत राहतं. मोठा प्लॅन घेऊ?

उत्तर : त्याच केबलवाल्याकडे नको. स्पीड टेस्टचा सर्व्हर बरेचदा त्या कंपनीच्याच जाळ्यात असतो. तुमच्या घरापासून तिच्या यंत्रापर्यंतचा रस्ता मोकळा आहे, एवढंच त्यातून कळतं. कंपनीने पुढे बाहेरच्या जगाकडे जाणारी लाइन किती घेतली आहे आणि ती किती घरांत वाटली आहे, हे कळत नाही. नऊ वाजता सगळं गाव बसलं की ती भरते. रात्री नऊलाच फास्ट डॉट कॉमवर मोजा, ते नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं. टेस्टचा दुसरा सर्व्हर मुंबईचा निवडून पाहा. दुपारी तीनचा आणि रात्री नऊचा आकडा शेजारी शेजारी लिहून आठवडाभर ठेवा. फरक मोठा निघाला तर कागद दाखवून तक्रार करा आणि तरी हलला नाही तर दुसरी कंपनी बघा. आधी शेजारपाजारी विचारा, की त्यांच्याकडे रात्री नऊला काय होतं. जाहिरातीपेक्षा त्यांचं उत्तर भरवशाचं.

प्रश्न (नाशिक) : लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतो. एका लग्नाचे २०० जीबी एडिटरला पाठवायचे असतात. गच्चीवर अँटेना लावून मिळणारं फाइव्ह-जीचं नेट घेतलंय. टेस्टमध्ये ३०० दाखवतं, तरी फाइल जायला दिवसच्या दिवस लागतात. शेवटी हार्ड डिस्क कुरिअर करतो.

उत्तर : तुम्ही पाहिलेला आकडा खाली येण्याचा आहे. तुम्हाला हवा तो वर चढवण्याचा. स्पीड टेस्टमध्ये दुसरा छोटा आकडा असतो, लोक तो वाचतच नाहीत. तो ५ असेल तर २०० जीबी चढायला पावणेचार दिवस लागतील, ३० असेल तर पंधरा तास, १०० असेल तर साडेचार तास.

मोबाइलच्या जाळ्यावर चालणाऱ्या जोडणीत येणं आणि जाणं एकाच लहरीवर वेळ वाटून होतं आणि त्यातला बराच मोठा वाटा येण्याला दिलेला असतो, कारण बहुतेक लोक पाहतात, पाठवत नाहीत. तुमचा धंदा पाठवण्याचा आहे. दोन्ही दिशांना सारखा स्पीड देणारं फायबर घ्या. घेण्यापूर्वी 'अपलोड किती?' हे लेखी विचारा आणि जोडून झाल्यावर माणूस घरात असतानाच मोजा. ज्यांना मी खुशाल १०० च्या पुढे जायला सांगतो त्यांत तुम्ही आहात. दोन्हीकडे २०० मिळालं तर फाइल सव्वादोन तासांत जाईल. कॉम्प्युटर केबलनेच जोडा. आणि हार्ड डिस्कचं कुरिअर बंद करू नका, एक प्रत तशीही बाहेर असावी.

प्रश्न (पुणे, कोथरूड) : अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या कंपनीसाठी घरून काम करते. तिथल्या कॉम्प्युटरवर इथून लॉग-इन करावं लागतं. टाइप केलेलं अक्षर जरा उशिराने उमटतं. मीटिंगमध्येही कधीकधी मी रोबोटसारखी ऐकू येते, विशेषतः संध्याकाळी. ३०० आहे, १ जीबीपीएस घ्यायची तयारी आहे. फरक पडेल?

उत्तर : अक्षरासाठी अजिबात नाही. पुणे-सातारा रस्ता कितीही पदरी केला तरी सातारा जवळ येत नाही. एमबीपीएस म्हणजे रस्त्याची रुंदी. तुम्हाला त्रास आहे तो अंतराचा. मुंबईपासून न्यू जर्सी सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. तुमच्या बोटाची बातमी तिकडे जाऊन अक्षर परत यायला निव्वळ प्रकाशालाच १२५ मिलिसेकंद लागतात. समुद्रातल्या केबली सरळ रेषेत जात नाहीत, मध्ये यंत्रं असतात, त्यामुळे प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास धरा. हे कोणत्याही प्लॅनने कमी होत नाही. कंपनीला विचारा, तुमच्या कामाचा कॉम्प्युटर मुंबईतल्या एखाद्या क्लाउड केंद्रात हलवता येईल का. आला तर तुम्हाला तो शेजारच्या खोलीत असल्यासारखा वाटेल.

साध्या वेबसाइटचंही असंच आहे. गूगलमधले अभियंता माइक बेल्शे यांनी २०१० मध्ये वेबपेज उघडायला लागणारा वेळ मोजला होता. १ एमबीपीएसचे २ केले तर वेळ बराच घटला, पण ५ चे १० केले तेव्हा सुधारणा फक्त ५ टक्के. उलट जाण्यायेण्याचा वेळ जसजसा कमी केला तसतसं पान सरळ त्या प्रमाणात लवकर उघडत गेलं. पानं तेव्हापासून जड झाली आहेत, त्यामुळे पाचाचा आकडा आज पुढे सरकला असेल, पण वळण तेच आहे.

रोबोटचा आवाज ही वेगळी गोष्ट आहे आणि ती तुमच्या हातातली आहे. संध्याकाळी घरात काय होतं? बहुतेक वेळा सगळ्यांचे फोन घरी येतात, चार्जिंगला लागतात आणि दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवायला लागतात. राउटर भाबडेपणाने ते सगळं रांगेत घेत जातो, रांग तुंबते आणि तुमच्या आवाजाचा छोटासा तुकडा त्या रांगेच्या शेवटी उभा राहतो. पोचतो, पण उशिरा. उशिरा आलेला आवाज मीटिंगचं ॲप फेकून देतं.

तपासायला सोपं आहे. लॅपटॉपवर जवळच्या एखाद्या सर्व्हरला पिंग (जाण्यायेण्याचा वेळ मोजणारी आज्ञा) चालू ठेवा. एरवी दहा-पंधरा मिलिसेकंद दिसतील. आता मोबाइलवरून एक मोठा व्हिडिओ चढवायला लावा. आकडा वीस-तिसावर राहिला तर राउटर शहाणा आहे. दोनशे-तीनशेवर उडाला तर रोग सापडला. राउटरच्या सेटिंगमध्ये रांग आवरणारा एसक्यूएम किंवा क्यूओएस हा पर्याय शोधा, त्यात अपलोडची मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या पंच्याऐंशी टक्क्यांवर बांधा. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये हे बहुधा नसेल. मग १ जीबीपीएससाठी काढून ठेवलेल्या पैशांतून एसक्यूएम असलेला राउटर घ्या. आणि तोपर्यंत, फोनमधला फोटोंचा बॅकअप मध्यरात्रीनंतर ठेवा.

प्रश्न (इचलकरंजी) : शेअर ट्रेडिंग करतो. एका सेकंदाने भाव हुकतो. ५०० चा प्लॅन घ्यावा असं ग्रुपवर सगळे म्हणतात.

उत्तर : भाव म्हणजे आकडे, त्यांना काहीशे केबीपीएस पुरतात. सेकंदाच्या बारीक तुकड्यासाठी ज्यांची धडपड असते, ते आपले सर्व्हर थेट एक्सचेंजच्या इमारतीत भाड्याने ठेवतात, त्यांच्याशी घरून शर्यत लावता येत नाही. तुमची ऑर्डर तर ब्रोकरच्या सर्व्हरमधून जाते, त्या वाटेवर तुमच्या प्लॅनचा काही अधिकार नाही. तुमचं खरं नुकसान होईल ते सौदा उघडा असताना लाइन गेली तर. ३०-४० चं फायबर ठेवा आणि मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा, पण ते दुसऱ्या कंपनीचं. ग्रुपवरचे सगळे काय म्हणतात याबद्दल मी काही बोलत नाही.

प्रश्न (जव्हार) : आमच्या पाड्यावर जे मिळतं त्यात जेमतेम ८-१० येतात. शहरात शंभर-तीनशे ऐकून पोरीच्या शिक्षणाची काळजी वाटते. ती मागे पडेल का?

उत्तर : नेटच्या आकड्यामुळे पडणार नाही. यूट्यूबवर धडा स्वच्छ दिसायला ७२० च्या दर्जाला अडीच एमबीपीएस लागतात, ४८० च्या दर्जाला सव्वाच्या आत. क्लासमध्ये बोलायचं, दिसायचं तर वर चढवायला एक-दोन हवेत. दहा आणि ते टिकून राहणारे, यात एक मुलगी काय, शेजारची दोन पोरंही शिकतील. फक्त त्या वेळात घरातला दुसरा फोन व्हिडिओवर ठेवू नका आणि धडे रात्री उतरवून ठेवायची सवय लावा, म्हणजे रेंज गेली तरी अडणार नाही. आपल्या सरकारच्या लेखी ब्रॉडबँड म्हणजे २००४ साली २५६ केबीपीएस होतं, मग ५१२ झालं, २०२३ पासून २ एमबीपीएस आहे. तुम्ही त्याच्या चार-पाचपट पुढे आहात. दिवसातून दहा वेळा तुटत असेल तर मात्र पुन्हा लिहा, ती खरी अडचण आहे.

प्रश्न (लातूर) : आम्ही सहा विद्यार्थी खोली करून राहतो. 'अनलिमिटेड'मध्ये बारीक अक्षरांत ३३०० जीबी लिहिलंय. संपेल का?

उत्तर : फोर-के व्हिडिओ तासाला सात जीबीपर्यंत खातो. एक टीव्ही महिनाभर रोज साडेपंधरा तास चालवलात तर संपेल. सहा जणांनी मिळून ते साधलंत तर परीक्षेचं बघा.

प्रश्न (ठाणे) : गरज नाही हे कळतं. पण परवडतं आणि हौस आहे. १ जीबीपीएस घेऊ का?

उत्तर : घ्या. फक्त काय दिसेल ते आधीच सांगतो. बऱ्याच टीव्हींना मागे १०० एमबीपीएसचाच पोर्ट असतो, तिथे फरक शून्य. फोनवर राउटरच्या खोलीत पाच-सहाशे दिसतील, दोन खोल्या पलीकडे दीडशे-दोनशे. पूर्ण गिगाबिट दिसेल ते फक्त केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवर, आणि तेही समोरचा सर्व्हर तेवढ्या वेगाने द्यायला तयार असेल तर. राउटरचे सगळे पोर्ट गिगाबिटचे आहेत ना, हे डब्याखालचं लेबल वाचून बघा. आणि सवलत मिळते म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरू नका, आधी एक महिन्याचा घ्या.